धुकं विरतं त्या जागी

नाही गं, झोपमोड नको म्हणून नाही थांबवत तुला — उठतीलच ते आता, दुपारची झोप फार नसते त्यांची — पण आधी माझं ऐकून घे, मग आत जा. अगं-तुगं केलं तर चालेल ना? निकिता ना तू? फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं, कारखान्यांची शिफ्ट सुटायची वेळ होती, सातपूरला तेव्हा गाड्यांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. बेंगळुरूहून इतक्या लांब आलीस, सरांना तुझा शोधनिबंध दाखवायला, आणि मी तुला बाहेरच्या खोलीत अडवून ठेवते — वाईट वाटतं मला. पण तुझ्या डोक्यात देवरे सर आहेत. आणि आत जे आहेत ते — बस तू. पाणी घे.

त्यांचा लेख सापडला कुठे तुला? जुन्या अंकात? बघ. कुणी वाचत नसेल असं वाटायचं आम्हाला. आता तू त्यातलीच, तुला मी काय सांगणार गॅमा किरणांचे स्फोट, पण मला किती कळलंय ते तरी कळेल तुला. नवीन लग्न झालेलं, तेव्हा म्हणाले, आकाशात कुठे ना कुठे जवळजवळ रोज एक लखलखाट होतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. काही सेकंदांत आटोपतो आणि तेवढ्यात सूर्य जन्मभर देईल तेवढं देऊन मोकळा होतो. मी विचारलं, जळतं काय पण? तर म्हणाले, पुष्कळदा एखादा अवजड तारा स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, आणि त्याच्या पोटातून एक झोत बाहेर पडतो, प्रकाशाशी बरोबरी करणाऱ्या वेगानं. इथवर सगळ्यांचं जमतं म्हणाले. भांडण पुढे आहे — त्या झोतातून उजेड निघतो कसा? बरेच जण म्हणायचे, झोतात थर असतात, मागचा जोरात येणारा थर पुढच्या संथ थराला गाठतो, आदळतो, त्यातून उजेड. कुणी म्हणायचे, चुंबकाच्या रेषा ताणल्या जातात, तुटतात, पुन्हा जुळतात, त्यातून. आणि हे म्हणायचे — नाही, उजेड आधीपासून आतच कोंडलेला आहे. झोत इतका दाट की उजेड तिथल्या तिथे ठेचकाळत राहतो, वाट मिळत नाही. मग झोत पसरतो, पातळ होतो, एका जागी ते धुकं विरतं — आणि उजेड एकदम सुटतो. मी शाळेत मराठी शिकवायचे, मला ते फार आवडलं. आदळआपटीपेक्षा हे बरं, म्हटलं. तर हसले. म्हणाले, बरं वाटून चालत नाही, आकाशाला विचारावं लागतं.

विचारलं की त्यांनी. एका परिषदेला गेले होते, मी बरोबर होते, मागे बसले होते. एक मोठे गृहस्थ उठले — नाव नको, गेले ते आता — म्हणाले, देवरे, तुमचं खरं असेल तर त्या उजेडाच्या आलेखाला मध्ये ठळक फुगवटा यायला हवा, उपग्रहांनी पाठवलेल्या आलेखांत तर दोन्हीकडे लांब शेपट्या आहेत, कुठे ठेवलात तुमचा फुगवटा, घरी? सगळं सभागृह हसलं. हेसुद्धा हसले. रात्री जेवताना म्हणाले, मुद्दा बरोबर होता त्यांचा. राग नाही, काही नाही. "मला दिसला नाही तर दिसला कसं म्हणू?" — एवढंच. पण तेव्हा ज्या संशोधन संस्थेत होते, तिथली नेमणूक पुढे काही पक्की झाली नाही. इथे कॉलेजवर लागले, पोरांना घर्षण आणि भिंगं शिकवत राहिले, आणि रविवारी ते गणित घेऊन बसायचे. वाद घालायला माणूस नव्हतं ना इथे, मग माझ्याशीच घालायचे. समजा थोडं आदळणं आणि थोडं धुकं, दोन्ही असेल तर? मी भाजी निवडत हं हं करायचे. मला अर्धंही कळायचं नाही. पण आवाज घरात असायचा गं. तो आवाज असायचा.

मग एकदा वर्गात शब्दच आठवेना. साधा शब्द, मोमेंटम. फळ्यासमोर खडू घेऊन नुसते उभे. पोरांना वाटलं, सर विचार करतायत. आधी इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू आकसत चाललाय, थोपवता येत नाही. मग मराठी जायला लागलं. माझी मराठी, पुस्तकातली, जी आम्ही आयुष्यभर बोललो ती. आणि उरलं काय माहितीये? अहिराणी. हे सटाण्याच्या पलीकडचे, घरात लहानपणी तीच बोलायचे. शिकायला इथे वसतिगृहात आले तर 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की पोरं दात काढायची, म्हणून त्यांनी ती तिथेच सोडली. माझ्यासमोर कधी एक वाक्य नाही बोलले. मला वाटायचं विसरले असतील. आणि एके सकाळी मला विचारतात, "पानी कोठे शे?" तेवढं कळलं मला. पण पुढे लांब लांब बोलायला लागले, मी पंचवटीतली, मला कुठलं कळतंय! माझी नणंद, आशाताई, त्या सटाण्याहून येतात. दोघं बसतात, हसतात काय, रुसतात काय, आणि मी चहाचे कप घेऊन दारात उभी. हेवा वाटतो गं मला. बहिणीचा हेवा, ह्या वयात. आधी त्यांचं भौतिकशास्त्र कळत नव्हतं, आता पाणी मागितल्यापलीकडचं काही कळत नाही. आशाताईंकडून शिकते मी — माले म्हणजे मला, तुले म्हणजे तुला, आते म्हणजे आता — पण ते बोलू लागले की मधलं सगळं निसटून जातं.

खोकले बघ. उठले. ये, ये आत. खिडकीजवळ बसलेत ते. निळा शर्ट आहे ना, आज मुद्दाम घातला इस्त्री करून, त्यांच्याकडे पाहुणे येतात कुठे आता. अहो, ही निकिता. तुमचं वाचून आलीये. दाखव तू, दाखव, मांडीवर ठेव त्यांच्या. हा? हाच का तो — म्हणजे फुगवटा? आहे? खरंच आहे? एकाच स्फोटात इतका ठळक, बाकीच्यांचं अजून ठरत नाही — बरं. बरं. तसंच सांग, वाढवून नको सांगूस, हे असते तर हेच म्हणाले असते. असते म्हणजे — आहेतच की समोर. काय बोलतेय मी.

बोट बघ. बोट फिरवतायत त्यावरून. हसले! बोलतायत, थांब, थांब, आशाताईंना लावते — हॅलो, आशाताई, फोन ह्यांच्या तोंडाशी धरते, नीट ऐका — हं. झालं? काय म्हणाले? काय? सांगा ना. तुम्हाला माझी शपथ आहे, सांगा. … बरं. ठेवते.

म्हणाले — बरोबर आहे म्हणाले. पोरीनं बरोबर काढलंय. हो, ओळखलं त्यांनी. अगं रडू नकोस. पाया कसल्या पडतेस, ऊठ. काय? भाषणात सांगणार? सरांनी स्वतः पाहिला आणि हो म्हणाले, असं?

नको. थांब. ते नको सांगूस. खोटं बोलले मी. तू इतक्या लांबून आलीस, आणि मलाही — सकाळपासून मलाही वाटत होतं की आज काहीतरी होईल. पण जे ते बोलले नाहीत ते त्यांच्या नावावर नको. सगळं सभागृह हसलं तेव्हासुद्धा फुगवटा दिसतो असं म्हणाले नाहीत गं ते.

म्हणाले, पोरीनं डोंगर छान काढलाय. दमून आलेली दिसते, भाकर खायला घाला. आणि म्हणाले — आशाताई सांगतच नव्हत्या — म्हणाले, ही दुसरी बाई रोज माझं सगळं करते, भली आहे बिचारी, पण हिला घरी न्यायला कुणी कसं येत नाही?

काही बोलू नकोस. कागद घे तुझे. कोपऱ्यावरून बस मिळेल, शिफ्ट सुटायच्या आत नीघ, नंतर उभं राहायलाही जागा नसते.

ऐकलंस? "ओ बाई." मला हाक मारतायत. आले हो, आले. जा तू.