विद्यापीठाचे स्थळ

आजच्या या सत्कार व निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कुरुंद्यात अनेक वर्षे मुलींना शिकवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका आदरणीय अनुसूयाबाई. प्रमुख पाहुणे, वाचनालयाचे चिटणीस सन्माननीय राधाकृष्णराव. व्यासपीठावर विराजमान असलेले ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य. समोर बसलेल्या माता-भगिनी, तरुण मित्र आणि माझे समवयस्क, म्हणजे आता जे मोजके उरलो आहोत ते. सर्वप्रथम तथागत बुद्धांच्या आणि महामानव बाबासाहेबांच्या प्रतिमेस वंदन करतो आणि आपणा सर्वांस मानाचा जय भीम घालतो.

मी सटवाजी. बारावीच्या परीक्षेत गावात पहिली आलेल्या ज्या मुलीच्या सत्कारासाठी आपण जमला आहात, त्या करुणाचा मी आजोबा. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु चौथीपर्यंतचे सर्व झाले, हेही नमूद करतो. बोलण्यात कोठे अशुद्ध आले तर अनुसूयाबाईंनी तेथल्या तेथे टोकावे. मला राग येणार नाही. थोडा येईल, पण मी तो दाखवणार नाही.

मित्रहो, माझ्या पाठीमागे हा जो भला मोठा फलक लावला आहे, त्यावर काय लिहिले आहे? 'करुणा हिचे उच्च शिक्षणासाठी पुण्यास प्रयाण.' अक्षरे सुरेख आहेत. फोटोही चांगला आला आहे. तरुण मंडळाने आपुलकीने हा फलक केला, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. केवळ एकच गोष्ट सांगायची आहे. करुणाची इच्छा पुण्यास जाण्याची नाही. तिला आपल्या मराठवाड्यातल्या, एसटीने दोन तासांच्या वाटेवर असलेल्या, आपल्या विद्यापीठात शिकायचे आहे.

कुजबुज होणार हे मला ठाऊक होते. होऊ द्या. मी थांबतो.

झाली? आता ऐका. ही गोष्ट मी फार आनंदाने सांगत आहे. मागे आमचे शेजारी प्रेमानंदराव हसत आहेत. त्यांनी हसावे, कारण या गोष्टीत तेही आहेत.

निकाल लागला त्या आठवड्यात माझा मुलगा रत्नपाल करुणाला घेऊन पुण्यास जाऊन आला. आपण सर्व रत्नपालला ओळखता. त्याची जीप कुरुंदा-वसमत फेऱ्या मारते. आपल्यापैकी निम्मे लोक तिच्यात बसलेले आहेत आणि उरलेले निम्मे मागे लटकलेले आहेत. पुण्याचे ते महाविद्यालय नामांकित आहे. मी त्यास नावे ठेवणार नाही. तेथे प्रवेश मिळण्यासारखा होता. रत्नपालने येताना पेढे आणले आणि दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, "पोरगी पुण्याला चालली."

आणि त्या दुसऱ्याच दिवशीच्या संध्याकाळी ओट्यावर करुणा मला म्हणाली, "आबा, मला आपल्या विद्यापीठात शिकायचं हाय. तिथं बारावीनंतर सलग पाच वर्षांचा अभ्यास हाय. झाडांचे रोग शिकायला मिळतात."

रत्नपालने हातातला पान्हा खाली ठेवला. "काहून? एवढे मार्क काय जवळ बसायला पडले का?"

माझ्या पत्नी कमलबाई म्हणाल्या, "लेकराला बोलू तर दे."

तेवढ्यात हेच प्रेमानंदराव भिंतीपलीकडून बोलले. भिंतीपलीकडून ऐकणे हा त्यांचा जन्मसिद्ध अधिकार आहे. ते म्हणाले, "पोरी, पुण्याचं नाव सांगितलं की पाहुणा खुर्ची देतो. आपल्या विद्यापीठाचं सांगितलं की म्हणतो, अच्छा, घरूनच जाऊन-येऊन करती का?"

आता मी आपणास विचारतो. विहीर आपल्या शेतात आहे म्हणून तिचे पाणी हलके होते काय? लांबून डोक्यावर आणलेली घागर तेवढी गोड, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? परंतु त्या संध्याकाळी मी हे बोललो नाही, कारण ते विद्यापीठ मी पाहिलेले नव्हते. आमच्या भावकीत सोयरिकीची एक जुनी रीत आहे. न पाहता होकार देऊ नये आणि न पाहता नकारही देऊ नये. मी जाहीर केले, "आधी घर पाहू."

ठरले. सोयरिकीला विषम संख्येने जावे, म्हणून आम्ही पाच जण निघालो. मी, प्रेमानंदराव, माझे दोन चुलत बंधू आणि हट्टा गावचे आमचे मेहुणे. पाचही जणांची धोतरे धुतलेली, टोप्यांना नीळ दिलेली, खांद्यावर उपरणी. जीप रत्नपालची. विद्यापीठाच्या फाटकाशी त्याने गाडी लिंबाखाली लावली आणि म्हणाला, "मी ड्रायवर माणूस. मी हितंच बसतो. तुमी या बघून."

फाटकावरील शिपायाने आमच्याकडे पाहिले. एका ओळीत पाच पांढऱ्या टोप्या. त्याने विचारले, "निवेदन द्यायचं का?"

मी म्हणालो, "नाही. पाहायला आलो आहोत."

"असं सगळेच म्हणतात. पाच जणंच आत जा. बाकीच्या लोकायला बाहेर थांबवा."

"बाकीचे कोणी नाहीत."

त्याचा विश्वास बसला नाही. तो बिचारा जीपच्या मागे जाऊन पाहून आला. तेथे आमचा रत्नपाल तोंड फुगवून बसलेला होता. मोर्चा एवढाच.

आम्हाला सन्मानाने कार्यालयात नेले. खुर्च्या दिल्या. एका नम्र कर्मचाऱ्याने चहा मागवला. आता येथे अडचण उभी राहिली. ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे की, पसंती कळवल्याशिवाय आम्ही त्या घरचे गोड तोंडाला लावत नाही. आणि चहात तर साखर असते. पाच कप आले. आम्ही पाचही जणांनी एकदम हात जोडले.

त्या कर्मचाऱ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आजोबा, उपोषण का? असं नका करू. वय बघा तुमचं. काय अडचण हाय ते आधी आमाला सांगा तरी."

प्रेमानंदराव गंभीर होऊन म्हणाले, "आधी सगळं घर बघू. मंग चहाचं बघू."

त्याने घाईघाईने फोन लावला. हसा, हसा. आम्हालाही नंतर हसू आले. त्या वेळी मात्र आम्ही ताठ बसलो होतो आणि चहाचा वास फार चांगला येत होता.

थोड्या वेळाने वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रेवती मॅडम आल्या. कुंड्यांमधून उठून आलेल्या, हाताला माती. मी उभा राहून त्यांना सर्व वृत्तांत सांगितला. नात हुशार आहे, तिला येथे यावेसे वाटते, आम्ही स्थळ पाहावयास आलो आहोत आणि चहा का घेत नाही, हेही सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग नीट पाहा. काही झाकून ठेवणार नाही."

आणि मित्रहो, आम्ही पाहिले! ग्रंथालय पाहिले. तेथे इतकी शांतता होती की, प्रेमानंदरावही गप्प झाले, याची नोंद गावाने घ्यावी. प्रयोगशाळा पाहिली. शेतासारखी हिरवी जाळीची घरे पाहिली. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर तेथल्या रखवालदार बाईंनी आम्हाला अडवले. म्हणाल्या, "पुरुष माणसांनी पुढं यायचं न्हाई, मग ते आजोबा का असंनात." आम्हाला अडवले म्हणून आम्ही खूश झालो. असे समाधान आयुष्यात प्रथमच मिळाले.

स्थळ पाहताना घरच्यांच्या बोलण्यावर जायचे नसते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचे असते. म्हणून आम्ही मुलामुलींना गाठले. आपल्याकडच्या गोरेगावचा एक मुलगा भेटला, हट्ट्याची एक मुलगी भेटली. आमच्या मेहुण्यांनी तिला विचारले, "खरं सांग पोरी, खोट काय हाय?" ती म्हणाली, "मामा, सकाळी गरम पाण्याला लाईन लावावी लागते. अन् मेसची भाजी सोमवारी कशाची ते ओळखू येत न्हाई. बाकी चांगलं हाय. सर-मॅडम नावानं ओळखतात." ज्या घरची लेक घराची खोट मोकळेपणाने सांगते, ते घर भिण्यासारखे नसते, असे माझे मत झाले.

परत कार्यालयाशी आलो. मी पसंती सांगण्यासाठी घसा साफ केला. तेवढ्यात रेवती मॅडमनी विचारले, "सगळं पाहिलंत. पण मुलगी कुठे आहे?"

मी म्हणालो, "मुलीला कसे आणणार? आधी वडीलधारे घर पाहतात."

त्या म्हणाल्या, "आजोबा, पाच वर्षं इथे कोण राहणार आहे?"

आम्ही पाच जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. सोयरिकीचा एवढा अनुभव, परंतु ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मग मॅडम एवढेच म्हणाल्या, "तिला पाठवा. तिला पाहू द्या. तिला नाही आवडलं तर तुमच्या पसंतीचं मी काय करू?"

अध्यक्ष महोदया, मी मानी माणूस आहे, हे आपण जाणता. मला तेथल्या तेथे कोणी असे बोललेले सहन होत नाही. परंतु त्या दिवशी परत येताना मला राग आला नाही. उलट मला वाटले, जे घर आपल्या लेकराचे मन विचारते, त्या घरी लेकरू सुखात राहील.

पुढच्या आठवड्यात करुणा कमलबाईंना सोबत घेऊन एसटीने गेली. तेथे काय झाले, ते मी कमलबाईंच्या तोंडून ऐकले, म्हणून तंतोतंत खरे आहे. आपल्या भागात हळदीचा गड्डा जमिनीत कुजतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या बांधाच्या एका बाजूची हळद कुजते आणि दुसऱ्या बाजूची टणक निघते. बेणे एक, पाणी एक, हात एकाच माणसाचे. करुणा लहानपणापासून विचारत आली आहे, असे का? मी सांगायचो, "जमिनीची मर्जी." तिने मॅडमना तेच विचारले.

मॅडमनी बेण्याचे, पाण्याचे सगळे विचारून घेतले. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. तू ये. दोन्ही बाजूंची माती घेऊन ये. आपण शोधू."

घरी आल्यावर करुणा उंबऱ्यातूनच ओरडली, "आबा! त्यांना बी माहीत न्हाई!"

कमलबाई म्हणाल्या, "अगं, मग एवढी नाचतीस काहून?"

"आजी, पुण्यात मला सगळं छान समजावून सांगितलं. पण तू काय शोधणार, असं कुणी विचारलं न्हाई. हितं मला काम दिलं!"

मित्रहो, त्या मुलीचा चेहरा आपण पाहायला हवा होता. मी तो पाहिला. आता मला कोणी सांगावे की विद्यापीठ मध्यम आहे, जवळचे आहे, त्याचे नाव पुण्यात घेतले तर कोणी खुर्ची देत नाही. न देवो! आमची लेकरे उभी राहून शिकतील.

टाळ्यांबद्दल आभारी आहे. परंतु अजून संपले नाही.

गोष्ट एका ठिकाणी अडली आहे आणि ती मी आपणापासून लपवणार नाही. प्रवेशासाठी सोमवारी विद्यापीठात हजर व्हायचे आहे. आजी तयार आहे, आजोबा तयार आहे, भिंतीपलीकडचे प्रेमानंदरावही तयार आहेत. तयार नाही तो तिचा बाप. रत्नपाल मागे खांबाला टेकून उभा आहे. मागे वळून पाहू नका, तो निघून जाईल. मी त्याचा बाप आहे. मी हुकूम केला तर तो मोडणार नाही. परंतु काल करुणा मला म्हणाली, "आबा, बाबाला हुकूम करू नका. त्यांनी नाराजीनं सोडलं तर माझा तिथं जीव लागायचा न्हाई. मंग मी पुण्यालाच जाते."

तेव्हा रत्नपाल, हा हुकूम नाही. भरसभेत तुला कोंडीत धरण्याचाही हेतू नाही. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हण. गाव आणि मी, दोघेही ऐकून घेऊ. केवळ एवढेच विचारतो. पुण्याला तू आत गेलास, सगळे पाहिलेस. आपल्या विद्यापीठाच्या फाटकाच्या आत का आला नाहीस?

काय म्हणालास? मोठ्याने बोल. माझे कान आता माझे राहिले नाहीत.

थांबा, थांबा. मागच्यांना ऐकू आले नसेल, मी सांगतो. रत्नपाल म्हणतो, "बाबा, मला भ्याव वाटलं. आत गेलो अन् आवडलं, तर रोज गाडीतल्या लोकायला काय सांगू? सगळ्याला पुणं सांगून बसलो."

मग आता काय सांगणार आहेस?

सावकाश बोल, बाळा. आम्ही आहोत.

ऐका. तो म्हणतो, "सोमवारी वसमतची फेरी बंद. गाडी विद्यापीठाला जाईल. कुणी विचारलं कुठं चाललास, तर थांबून सांगतो, खिडकीतून तोंड बाहेर काढून सांगतो. पोरीला सोडाया चाललो. अन् ह्या बारीला मी आत जाणार हाय."

करुणा, ऊठ. माझ्या पाया पडू नकोस, ते घरी. खाली उतर आणि बापाकडे जा. रस्ता द्या तिला. पायरीशी सांभाळून.

असो. आता आवरते घेतो. अनुसूयाबाईंनी इतका वेळ एकदाही टोकले नाही, हा त्यांचा मोठेपणा. राधाकृष्णरावांनी वाचनालयातील पुस्तके या मुलीला मुदतीनंतरही ठेवू दिली, त्यांचे ऋण मान्य करतो. आपण सर्व कामधंदा सोडून आलात, आपले आभार. सार्वजनिक व्यासपीठावरून मी घरचा विषय काढला, अध्यक्षांची अनुमती न घेता या सभागृहाचा माझा ओटा केला आणि नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो. या तिन्ही गोष्टी नियमाला धरून नाहीत, हे मला समजते. म्हाताऱ्याने आनंदाच्या भरात केल्या असे समजून आपण पोटात घालाव्यात, ही विनंती करतो आणि खाली बसतो.

जय भीम.