दोन मिनिटांचं विमान

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझं लग्न ठरलं त्यात स्कॉटलंडच्या दोन बेटांचा हात आहे.

सायलीच्या बाबांना पहिल्यांदा भेटायला मी शहराच्या एका टोकाच्या वाघोलीहून दुसऱ्या टोकाच्या धायरीला गेलो आणि चांगला तासभर उशिरा पोचलो. बाबा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "स्कॉटलंडमध्ये दोन बेटं आहेत. एका विमानतळापासून दुसरा तीन किलोमीटरसुद्धा नाही. विमान दोन मिनिटांत पोचतं."

उशिराबद्दल माफी मागायची सोडून मी पेटलोच. "तीन किलोमीटरला विमान? काका, हा शुद्ध माज आहे! किती इंधन जाळायचं? बोटीने जावं की माणसाने!" सायली डोळे वटारत होती, पण मी थांबतोय कुठला. सार्वजनिक वाहतुकीवर एक भाषणही ठोकलं.

बाबांनी शांतपणे मोबाइल खाली ठेवला. "आपण कशाने आलात?"

"बसने. स्वतःची गाडी घ्यायची नाही, हे माझं तत्त्व आहे."

"किती वेळ लागला?"

"अडीच तास," मी पुटपुटलो. म्हटलं, संपलं सगळं.

बाबांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अगं, चहा टाक. मुलगा बोलतो तसं वागतो, मला पसंत आहे." मग माझ्याकडे वळले. "मुहूर्त दिवाळीनंतरचा धरू, कार्यालय इथलंच बघू. तुम्ही फक्त आज घरी पोचलात की लगेच परत निघा, म्हणजे अक्षतांना वेळेवर याल."