रागिणी नत्थुजी गावंडे कोन?

हॅलो?

हॅलो… कोन? … हाव, बोल धाकटे. … नाई वं, हात चिकाचे आहेत, फोन खांद्यात धरला आहे. कुरड्या घालून राहिलो आमी. … गच्चीवर नाई तं काय देवघरात घालू? … हाव, उन्ह तं आहेच. अकोल्याले उन्ह सोडून दुसरं आहे काय? तुह्या अमरावतीले काय कमी आहे.

… कोनतं पाकीट?

… नाई. … नाई आलं वं. पोस्टमन आला होता मंगळवारी, शेजारच्यायचं काईतरी देऊन गेला. … म्या तुले तवाच म्हटलं होतं, रूम बदलून राहिली तं तुह्या लॅबचा पत्ता दे. माह्या घरचा काऊन देला?

आत्याबाई, तिकडचा पदर दाबा, हवा आली. त्यावर गोटा ठेवा. … तुले नाई, सासूले म्हटलं. … हं, बोल.

… काय मेसेज? … बँकेचा? … वाच. … पुन्हा वाच.

… अवं, अकोल्यात साड्यायचं दुकान एकच आहे काय? कोनी बी…

… हं.

… हाव. … हाव नं, मीच. मीच गेली होती. … थांब, खाली जातो. अठी बुढी बसली आहे. … आत्याबाई, चीक सरला, मी खालून पातेलं आनतो. … मैत्रिनीचा फोन आहे. शाळेतली.

… आहे मी. जिन्यात आली. आता बोल काय बोलाचं ते. … ओरडू नको. चोरी नाई केली म्या. … बरं, लबाडी केली. लबाडी म्हन.

… अवं आयक नं. आयकशीन काय?

मंगळवारी मी कणीक भिजवून राहिली होती. पोस्टमन फाटकातून ओरडला, रागिणी नत्थुजी गावंडे कोन? … हाव, पुरं नाव. बापासकट. चोवीस वर्षांनी आयकलं म्या ते, अन् ते बी कोनाच्या तोंडून, तं पोस्टमनच्या. जाऊबाई म्हनते, असं कोनी नाई अठी, मागच्या गल्लीत पाहा. तो निंगाला बी. अन् माह्या तोंडातून गेलं, मीच आहे.

… सही बी केली. कणकेच्या हातानं. शाळेत करत होती तशीच आली, मले वाटलं इसरली असन.

… मले काय मालूम तुहं आहे म्हनून? तू म्हटलं एक कागद येईन, ठेवजो. मले वाटलं नितेश नत्थुजी गावंडे असं लिवलेलं काई येईन. सरकारच्या कागदावर आतापावतो तेच तं होतं. … नितेशची धाकटी झाल्याले सहा वर्षं झाले, तवापासून तू मले नाव सांगतलं काय? विचारलं की ‘सांगतो ताई, सांगतो’. लॅबात सारे तुले मॅडम म्हनतात, मी धाकटे म्हनतो. मी काय समजू?

… भेव कायचं? … माहं भेव?

… बरं. पुढचं आयक. मले वाटलं, बाबानं जायच्या आंधी माह्या नावानं काईतरी करून ठेवलं. … हसू नको. खोलीचं दार लावून पाकीट फाडलं म्या. एक घटकाभर मी नत्थुजी गावंड्याची लाडाची लेक होती. आतून निळं कार्ड निंगालं. त्यावर बी तेच नाव, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. लय सुंदर दिसते वं ते. … मंग चिठ्ठी वाचली. खाली मोबाईलचे शेवटचे चार आकडे. तुहे.

… हाव, तवाच समजलं सारं. … नाई केला फोन. … काऊन म्हनजे? जळलं माहं. आता दुसरं काय सांगू तुले? जळलं, म्हनून नाई केला.

… लहानपनापासून तुही हीच खोड आहे. माही रिबिन घेतली. माह्या बांगड्या घेतल्या. माही मोरपंखी ओढनी घेऊन घराच्या धाब्यावर नाचली अन् बाबाचा मार मी खाल्ला, तू पोराले बिघडवून राहिली म्हनून. तवा काई म्हटलं काय मी? आता नाव बी घेतलं. पोटातलं आतडं तेवढं राहिलं, ते कवा नेतं सांग.

… नाव कोन्या एकाचं नसते म्हने. लॅबात शिकवतात काय हे? असतीन गावोगाव रागिण्या. नांदगावात नत्थुजी गावंड्याची रागिणी एकच होती.

… माहं नाव? माहं काय आहे, पाह्य. सीमा देवमन ढोरे. यातलं एक अक्षर माह्या बापाच्या घरचं नाई. … कोन विचारते? मोठ्या जावेचं नाव रमा, म्हनून लहानीचं सीमा. रमा-सीमा, कानाले बरं लागते, बुढी म्हने. बैलजोडीचे ठेवतात तसे. ताटात तांदूळ पसरले, ह्यायनं अंगठीनं लिवलं, लोकायनं पेढे खाल्ले, झालं. … अन् दुसऱ्या दिवशी बुढीनं त्याच तांदळाचा भात लावला. म्या बी खाल्ला. भूक लागली होती.

… मालूम आहे मले तुले किती लागलं. दीड वर्ष कचेरीत चकरा मारल्या. बँकेतल्या त्या मानसानं दोनदा फॉर्म परत केला, म्हने फोटोतलं मानूस अन् नावातलं मानूस जुळत नाई. तू रडली होती फोनवर. म्या आयकलं नाई काय? मीच म्हटलं, तिसऱ्यांदा जाय. … पन शेवटी विचारलं तं खरं तुले त्यायनं. कार्डावर काय नाव छापू, बाई? तू सांगतलं, त्यायनं छापलं. मले आजपावतो कोनी हे विचारलं नाई. चाय किती करू अन् पोळ्या किती टाकू, एवढंच विचारतात मले.

… हाव, सांगतो नं साडीच्या दुकानाचं. मले काई घ्याचं नव्हतं. जांभळी साडी काढाले लावली, जांभळी मले शोभते काय? कार्ड काढून देलं. दुकानदारानं कार्ड पायलं, माह्याकडे पायलं, म्हने, रागिणीताई, पिन टाका.

… बस. एवढ्यासाठीच गेली होती.

… जन्मसाल टाकलं. माहं. … नाई लागलं. लागन कसं, कार्ड तं तुहं आहे. तो म्हने, रागिणीताई, पुन्हा टाका. म्या पुन्हा टाकलं. … हाव, तेच. मालूम होतं नाई लागत म्हनून, तरी टाकलं. तो पुन्हा म्हने, रागिणीताई… … तीनदा. … तीन मेसेज आले तुले? … लॉक झालं? बाप्पा. … आता वं? … उद्या आपोआप खुलते? मंग कायले ओरडून राहिली एवढी.

आली आत्याबाई. चीक पातळ झाला होता, घोटून राहिली.

… हं. बोल. … काय म्हनली?

… बदलवतो? दुसरं नाव घेतो? … कार्ड, सर्टिफिकेट, सारंच? … पुन्हा कचेरी, पुन्हा फॉर्म, पुन्हा तोच मानूस?

…

… नाई, आहे मी फोनवर. इचार करून राहिली. … लबाडी नको आता. मंगळवारी तू हे म्हटलं असतं नं, तं म्या हाव म्हटलं असतं. आता बी तोंडात आलं होतं.

… मले एक सांग आंधी. दुनियाभरचे नावं पडले होते. मैथिली घेतं, साधना घेतं. हेच काऊन?

… कवा? … माहं लगन झाल्यावर? तू तवा असशीन बारा वर्षांची. … हं. … दिवाबत्तीच्या टायमाले? … माय हाक मारे? मी कुठं होती तवा तठी? मी अठी सीमा होऊन भाकरी टाकून राहिली होती. … सवयीनं. चुलीपासून. ‘रागी, पानी आन वं’ म्हनून. … हं.

… अन् तू ओ देई.

… पानी बी नेऊन देई. … अन् माय काई म्हने नाई? … घे म्हने अन् पुढचं काम सांगे. … बाबा घरात नसले की. … किती दिवस चाललं हे? … दिवस नाई? … शेवटपावतो?

…

… दवाखान्यात बी?

… थांब वं. थांब जरा.

… हाव, रडून राहिली. मंग? माह्या जिन्यात मी रडतो, तुह्या काय बापाचं जाते.

… तुले मालूम आहे काय? मी पोचली तवर माय गेली होती. ती नर्स मले म्हने, तुमची माय रातभर रागी रागी करून राहिली होती. तीन वर्षं झाले, मी तेवढं एक घेऊन जगतो. चला, जाताना तं मायनं माहं नाव घेतलं. अन् तू आता म्हनतं की उशाशी तू होती, अन् तू ओ देऊन राहिली होती.

… खरं सांग, कोनाले मारे हाक? तुले की मले?

… तुले बी नाई मालूम.

… हं. … बरं झालं नाई मालूम. … राहू दे. अर्धी तुही, अर्धी माही.

… नाई वं, राग नाई. जळते. राग येगळा, हे येगळं. आधी नावासाठी जळत होती, आता मायच्या हाकायसाठी जळतो. चोवीस वर्षं मले वाटे, ते नाव नांदगावच्या घरात कुलूप लावून पडलं आहे. अन् तू तं ते रोज वापरून राहिली होती. … नाई, रडू नको तू. एकीनं रडलं तं चालते, दोघी रडल्या तं बोलन कोन.

… ठेव. … नाव ठेव म्हटलं. … हाव, मनापासून. अर्ध्या मनापासून. उरलेलं अर्धं जळून झालं की देतो.

… पन कार्ड पोस्टानं नाई पाठवत मी. कुरिअरनं बी नाई. … नेऊन नाई देत. येऊन घेऊन जा. … अकोल्याले म्हनजे माह्या घरी. रविवारी ये. बडनेऱ्यावरून सकाळची गाडी धर. … सहा वर्षं मी चोरून येतो तुह्याकडे, घरी सांगतो महिला मंडळाची सहल आहे. किती सहली करू मी?

… मागच्या दारानं नाई, समोरून. साडी नेसून. … कोनती म्हनजे? ती जांभळी ठेवली आहे त्यानं बाजूले काढून, रागिणीताईची म्हनून. पहिले दुकानात जाऊ, तू पिन टाक, मी बाजूले उभी राहातो. तुले शोभीन ते जांभळं. ते बी जळते, पन शोभीन.

… बुढी? … बुढी विचारीनच, कोन आली म्हनून. … मी सांगीन. … काय सांगीन म्हनजे, कार्डावर छापलं ते सांगीन. रागिणी नत्थुजी गावंडे, माही लहान बहीन. … हाव. तिच्याच ओसरीत. बोलली तं बोलली. हे बी बोलतीन दोन दिवस, मंग कुरड्या तळल्या की खातीन गुमान.

… अवं, तुले नाई समजलं अजून. चोवीस वर्षांपहिले ज्या बाईनं ते नाव पुसलं, तिले आता चाय देताना म्हना लागन, रागिणी, साखर किती घेतं वं? मी तठीच बसतो, पदरात तोंड घालून. … हाव. तेवढं सुख मले बी होऊ दे. तुह्या कार्डाचं माह्याकडून भाडं समज.

… हसून राहिली नं? हास.

आली आत्याबाई, आली. दोन मिनिटं.

… आयकलं? सीमा, सीमा करून राहिली. वरचा चीक वाळला असन. ठेवतो आता. … हाव, पाकिटात नीट ठेवलं आहे. गाद्यायखाली. रोज एकदा काढून पाहातो. रविवारपावतो पाहीन, मंग तुहं तुले.

… हं, ठेव.

… थांब. धाकटे. ठेवलं काय? … आहे? … एक काम कर. तुही ओ आयकाले माय नाई आता, अन् मले हाक माराले बी नाई. … ताई नको म्हनू. ताई तं रोजच म्हनतं. … नावानं. मायसारखी. लांबवून मार, चुलीपासून अंगणात आयकू येईन अशी. … लाजतं कायले? मार.

…

ओ.