साडेदोन तासांत शेंगापोळी

...आणि वर मलाच विचारतात, वेळेत का आला न्हाईस! तुमाला सांगतो, चूक माझी नव्हतीच. चूक त्या टिंबाची! मोबाईलवर काय लिवलेलं? १.५ तास. मी वाचलं, एक तास पाच मिनिटं. खरं सांगा, तुमी काय वाचलं असतं? आठवी नापास माणसाला टिंब म्हंजी टिंब! मी रिक्षा घेऊन पोळ्या न्यायला घरी हजर, आणि अव्वा, म्हंजी आमची आई, अजून शेंगा कुटत बसलेली! तिकडं बारशाची पंगत ताटं मांडून तयार, कारण मीच फोनवर छाती ठोकून सांगितलेलं, "एक तास पाच मिनिटांत शेंगापोळी दारात!" पोचलो तर यजमानीणबाई म्हणतात, "आता बाळाच्या लग्नालाच आणायच्या की!" अहो, वेळ म्हंजी काय खेळ हाय का?

ते ऑर्डरचं अॅप केलं आमच्या अक्कानं. महेश्वरी तिचं नाव हाय... होतं. जाऊ द्या, हायच. उन्हाळ्यात तापानं गेली. तवापासून अव्वा हसली म्हणून न्हाई. जे काय बोलायचं ते कणकेशी. आता वेळ अशीच चुकत राहिली तर धंदा बसणार, आणि अॅप काढून टाकलं तर अव्वा बसणार! "माझ्या लेकीच्या हातचं हाय. मोडलास तर बघ!"

मग मी काय केलं? तडक अक्काच्या वर्गातल्या गुरुशांतला रिक्षात कोंबला. जेवत होता बिचारा, हातसुद्धा धुवू दिला न्हाई. म्हटलं, "मोडायचं न्हाई, फक्त टिंब काढ!"

गुरुशांतनं चष्मा वर केला, नाकात बोलायला लागला, "हे बघ, ऐकायचं वेगळं, दाखवायचं वेगळं. अव्वा तोंडानं बोलतील, मोबाईल त्याची मिनिटं करील, आणि गिऱ्हाइकाला परत शब्दांत सांगील." बरं बाबा, कर! अव्वा मोबाईलला म्हणाली, "तवा तापला की लगेच." मोबाईल विचारतोय, "कृपया वेळ सांगा." अव्वा म्हणतीया, "सांगितली की! बहिरा हाय का?" अहो, वेळ म्हंजी काय खेळ हाय का?

शेवटी पाऊण समजलं, सव्वा समजलं, आणि मोबाईल ऐटीत बोलला, "आपली ऑर्डर साडेदोन तासांत येईल."

"साडेदोन?" मी ओरडलो. "अडीच म्हणतात अडीच!"

गुरुशांत म्हणतो, "साडेतीन चालतं, साडेचार चालतं, मग साडेदोननं काय घोडं मारलंय?"

आता त्याच्याही घरी कन्नड, आमच्याही घरी कन्नड. तिथं वंदूवरी म्हंजी एक नि अर्धा, एरडूवरी म्हंजी दोन नि अर्धा, सगळं सरळ एका मापात. मराठीनं मधीच दीड-अडीच कुटनं काढलं, कुणाला ठाऊक! आमची अक्का पहिलीत असताना बाईंना म्हणालेली, "साडेएक वाजले, सोडा घरी." अख्खा वर्ग खिदळला. आणि ही घरी येऊन अव्वाला सांगती, "बाईंना घड्याळच येत न्हाई!"

तर अव्वानं लाटणं खाली ठेवलं. "त्याला साडेएक म्हणायला लाव रे."

मोबाईल म्हणाला, "साडेएक तास."

आणि अव्वा हसली! पदर तोंडात कोंबून, पिठाच्या हातानं मांडीवर थापा मारत, डोळ्यांतनं घळाघळा पाणी. "परत लाव!" म्हणती. परत लावलं. मी हसलो, मी रडलो, काय केलं मलाच ठाऊक न्हाई. गुरुशांत आपला घाबरून, "सॉरी सॉरी, लगेच दुरुस्त करतो..."

"हात लावशील तर बघ!" अव्वा कडाडली.

राहिलं मग तसंच. आता दिवसभर फोन. "अहो, साडेदोन म्हणजे नक्की किती?" "अडीच हो काकू, अडीच!" "मग तसं लिहा की!" कसं लिवू? वेळ म्हंजी काय खेळ हाय का? आणि काल तर माझ्याच तोंडातनं गेलं. स्टँडावर एका बाईंना म्हटलं, "बसा, साडेएकला पोचवतो." बाई उतरल्या, दुसऱ्या रिक्षात जाऊन बसल्या.

बसू दे.