कुडाळात गाठलेले व्याही

अल्सर झाल्याची लाज नव्हती रे मला, लाज वाटत होती ती स्वस्त गोळ्यांची. डॉक्टर म्हणाले, तेच औषध जेनेरिकच्या दुकानात पुष्कळ स्वस्त पडेल. पण मालवणात सगळे ओळखीचे. लेकीचं लग्न नुकतंच थाटात लावलेलं. कोणी बघितलं तर काय म्हणेल? म्हणून आमच्या तोंडवलीहून थेट कुडाळ गाठलं.

दुकानात हळूच चिठ्ठी पुढे केली. शेजारी आणखी एक जण मान खाली घालून उभा होता. बघतो तर जामसंड्याचे आमचे व्याही!

"तुमी हंय?" मी विचारलं.

"बाजाराक इलंय. आणि तुमी?"

"मी पण बाजाराकच."

तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "अल्सरच्या गोळ्या कोणाच्या?"

दोघांचेही हात पुढे.

बाहेर आल्यावर व्याही जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हागडा औषध परवडना, म्हणान दिसाआड गोळी घेय होतंय. पोट परत दुखूक लागला, तसो डॉक्टर खवळलो. लग्नात तुमच्या बरोबरीन खर्च करूक गेलंय, व्याहीबुवा."

माझीही मान खाली गेली. त्यांच्या बरोबरीला यायचं म्हणूनच तर मी ऐपतीबाहेर खर्च केला होता.

"माजा पण तसाच," मी कसंबसं म्हटलं.

मग स्टँडवर व्याही म्हणाले, "फुडल्या खेपेक दोघांचा औषध एकानच न्हेवया. वाचवलेला सगळा गाडीभाड्यात जाता. पण पोरांका कळूक नको हां!"