ब्रिजिड आत्याचे धपाटे

अरे, आमच्या लेकीचं बारसं कसं झालं ते ऐकाच! दोन हजार वीस, आयर्लंडमधलं गॉलवे, करोनामुळे विमानं बंद. माझी ताई पुण्यात अडकलेली, म्हणजे बारशाला आत्याच नाही! बायको म्हणाली, "शेजारच्या ब्रिजिडला आत्या करू." साठीची ब्रिजिड एकदम खूश! मी तिला सांगितलं, "आमच्यात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते." पण ताईने ठरवलेलं नाव तिला द्यायचं मी साफ विसरलो. आणि नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हेही सांगायचं राहिलं.

बागेत पाळणा, मास्क लावलेली ब्रिजिड, व्हिडिओवर ताई. ब्रिजिड वाकली आणि जोरात कुजबुजली, "सिअर्शा!" लगेच, बाळंतपणासाठी आधीच येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाईंनी धपाटा घातला. ब्रिजिड दचकली. तिला वाटलं, नाव पसंत नाही पडलं! घाईघाईने म्हणाली, "बरं, मग नीव!" आता बायकोचा धपाटा. "मग अ‍ॅशलिंग?" परत सासूबाई!

ताई फोनवरून ओरडली, "अरे थांबा! अर्थ तरी विचारा तिला!"

ब्रिजिड पाठ चोळत म्हणाली, "अ‍ॅशलिंग म्हणजे स्वप्न, नीव म्हणजे तेज, सिअर्शा म्हणजे स्वातंत्र्य. सगळी आमच्या आयरिश भाषेतली. आठवडाभर शोधत होते मी!"

ताई किंचाळलीच, "अरे, मी मुक्ता ठरवलं होतं ना! तिचं पहिलंच बरोबर होतं, बिचारीला उगाच मारलंत!"