खांबावरच्या खळग्याची काच

जबाब देणार: स्त्री, वय ६१, धंदा निवृत्त शिक्षिका, सध्या जुन्या चर्चमध्ये पर्यटकांच्या तिकीटखिडकीवर, राहणार चर्चच्या मागची गल्ली.

माझ्या मैत्रिणीने चर्चमधल्या काचेवर काठी मारली, तिला आत येण्यास बंदी करावी, अशी व्यवस्थापकसाहेबांची तक्रार हवालदारांनी मला वाचून दाखवली. त्यावर समक्ष सांगते की,

शाळेत असताना सिस्टर आम्हा मुलींना उंचीप्रमाणे रांग करून या चर्चमध्ये नेत. दाराजवळच्या दगडी खांबावर एक खळगा आहे. येणारा प्रत्येक जण तिथे हात ठेवून पुढे जातो. तो कोणी कोरलेला नाही. कित्येक पिढ्यांचे हात लागून दगड झिजला आहे. मैत्रीण रांगेत पहिली, मी शेवटची. ती बुटाची नाडी सुटल्याचे निमित्त करून खांबापाशी थांबायची, मग आम्ही दोघी मिळून हात ठेवायचो. दोन्ही हात मावत. मी तिला ठेंगू म्हणते, ती मला लांबडी.

ठेंगूची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली. ती रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला एकटी येते. खळगा हाताला लागला की डावीकडे वळून आपल्या बाकावर बसते.

काल सकाळी साहेबांनी खळग्यावर काच बसवली. पर्यटकांच्या हातांनी दगड झिजतो, असे ते म्हणाले. मला ते पटले होते, हेही लिहून घ्यावे. फोटोसाठी लोक त्यात कॉफीचे कपसुद्धा टेकवून धरत.

काल प्रार्थनेआधी पर्यटकांची रांग असताना ठेंगू आली. तिचा हात काचेवरून घसरला. ती म्हणाली, "लांबडे, खांब कुठे नेलात गं?"

मी म्हणाले, "इथेच आहे. काचेच्या आत."

"बरं. मग मलाही एक तिकीट फाड. सगळे बघतायत, मीही बघते."

रांगेतले काही जण हसले. तिने काठी भिंतीला टेकवली आणि तिथेच उभी राहिली. पुढे गेली नाही.

मी खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला. स्क्रू मी काढले. काच जड होती. एका परक्या पाहुण्याने दुसरी बाजू धरली. त्याची भाषा मला येत नाही. फ्लॅश मारल्याबद्दल सकाळी मी त्याला दोनदा रागावले होते. काच आम्ही बाकावर ठेवली. तिला तडा गेलेला नाही. काठी सर्व वेळ भिंतीशीच होती.

ठेंगूने खळग्यात हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मला ओढले. मी म्हणाले, "अगं, आता कुठले मावणार दोघींचे?"

मावले. आमचे हात वाढले, तसा खळगाही वाढला होता. म्हणजे साहेबांचे म्हणणे खरे आहे, दगड झिजतो. मला हे इतकी वर्षे रोज तिथे बसून कळले नव्हते.

त्या पाहुण्याने गळ्यातला कॅमेरा काढून खाली ठेवला आणि खळग्याकडे हात पुढे केला. मग त्याच्यामागची बाई, मग सगळी रांग. रोज मला दहादा "हळू बोला" म्हणावे लागते. काल म्हणावे लागले नाही. एवढी माणसे आत असून पावलांशिवाय आवाज नव्हता. मी होते तिथेच गुडघे टेकले. खिडकी तेवढा वेळ उघडी राहिली, हे कबूल.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. "ठेंगू असंच लिहू का, बाई?" असे विचारले. तसेच लिहावे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सहीआधी एवढे जोडावे. काच साहेबांना परत द्यावी. स्क्रू माझ्या पर्समध्ये आहेत, तेही त्यांना द्यावेत. गुन्हा मांडायचा असल्यास माझ्या नावावर मांडावा. जप्त केलेली काठी मात्र आत्ताच ठेंगूच्या हातात द्यावी. ती बाहेर बाकावर बसली आहे, आणि प्रार्थनेची वेळ होत आली आहे.